दोन राजांच्या देशातल्या पाऊलवाटा

बालमित्रांनो, युरोपचा नकाशा समोर घ्या. फ्रान्स आणि स्पेन हे दोन मोठे देश सापडले? आता दोघांच्या मधल्या सीमेवर बोट ठेवा. तिथे आडवी पसरलेली डोंगररांग दिसते ना, तिचं नाव पिरेनीज. अटलांटिक महासागरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ती एखाद्या बांधासारखी उभी आहे. बोट हळूहळू पूर्वेकडे सरकवा. अगदी बारीक टिंबाएवढा एक देश लागेल. त्याचं नाव त्याच्या पोटात मावत नाही म्हणून नकाशावाल्यांना ते बाजूला लिहावं लागतं. हा देश म्हणजे अँडोरा. आमच्या चौथीच्या वर्गात हा देश शोधायला सांगितला की मुलं आधी भिंग मागतात!

अँडोराचं क्षेत्रफळ आहे फक्त ४६८ चौरस किलोमीटर. म्हणजे आपली बृहन्मुंबईसुद्धा त्याच्यापेक्षा मोठी. लोकसंख्या साधारण ८५ हजार. देशात विमानतळ नाही, रेल्वे नाही, कायमचं सैन्यही नाही. राजे मात्र दोन आहेत! एक राजा म्हणजे स्पेनमधल्या उर्खेल गावचे बिशप, आणि दुसरे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. आहे की नाही गंमत? सन १२७८ मध्ये या डोंगराच्या मालकीवरून चाललेलं भांडण मिटवताना ‘दोघंही मालक’ असा करार झाला. फ्रान्सच्या बाजूचा हक्क एका सरदार घराण्याकडून तिथल्या राजांकडे आणि पुढे राष्ट्राध्यक्षांकडे आला. दोन्ही राजे देशाबाहेरच राहतात. कारभार लोकांनी निवडलेलं सरकार पाहतं. १९९३ साली अँडोराने स्वतःची राज्यघटना केली आणि त्याच वर्षी तो संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

पण आज आपण राजवाडे पाहायला निघालेलो नाही. आज आपण चालायला निघालो आहोत. कारण अँडोरा खऱ्या अर्थाने ओळखायचा तो पायांनीच.

उभा देश

हा देश लहान आहे खरा, पण तो नकाशावर सपाट पसरलेला असतो तेवढाच. प्रत्यक्षात तो उभा आहे! त्याचा सगळ्यात खालचा भागसुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० मीटर उंच. राजधानी अँडोरा ला वेल्या १०२३ मीटरवर. युरोपातल्या कुठल्याही देशाची राजधानी इतक्या उंचावर नाही. आणि सर्वांत उंच शिखर कोमापेद्रोझा २९४२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, हे तुम्हाला पाठच असेल. आता वजाबाकी तुम्हीच करा.

फार पूर्वी इथे हिमनद्या होत्या. बर्फाच्या त्या प्रचंड नद्या डोंगरावरून इंच इंच सरकत. सरकताना त्यांनी खालचा खडक खरवडून काढला. थिजलेल्या श्रीखंडात चमचा घातल्यावर कसा खळगा पडतो, तसे डोंगरात खळगे पडले. पुढे हवा उबदार झाली, बर्फ वितळलं आणि खळग्यांत पाणी साचलं. म्हणून या एवढ्याशा देशात साठाहून अधिक तळी आहेत. जवळजवळ सगळी उंच डोंगरात. त्यांच्यापाशी पोचायचं तर बहुतेक ठिकाणी चालण्याला पर्याय नाही.

इथली मोटाररस्त्याची गोष्टही ऐका. स्पेनकडून अँडोरापर्यंत गाडी जाईल असा रस्ता झाला तो १९१३ मध्ये. फ्रान्सकडचा रस्ता त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी आला. त्याआधीची शेकडो वर्षं इथला माणूस जन्माला आल्यापासून शेवटपर्यंत चालतच होता. बाजाराला चालत, लग्नाला चालत, चर्चला चालत. जड ओझी असली तर सोबत खेचरं. आज ज्या वाटांवरून जगभरातले हौशी भटके मजेने चालतात, त्या बहुतेक वाटा मजेसाठी झालेल्याच नाहीत. त्या कुणाच्या ना कुणाच्या गरजेतून पडल्या. ती गरज ओळखत ओळखत चाललं, तर वाट बोलू लागते.

वाटेची लिपी

निघण्याआधी वाटेची अक्षरं शिकून घेऊ. अनोळखी डोंगरात पाटी वाचायला माणूस भेटेलच असं नाही. म्हणून खडकांवर आणि झाडांवर रंगाचे पट्टे ओढलेले असतात. वर पांढरा आणि खाली लाल असे दोन आडवे पट्टे दिसले की समजायचं, आपण लांब पल्ल्याच्या वाटेवर बरोबर चाललो आहोत. हेच दोन रंग फुलीसारखे एकमेकांवर ओढलेले दिसले तर थांबायचं. ‘इकडे नाही, मागे फिर’ असं ती फुली सांगते. जिथे झाडही नाही आणि मोठा खडकही नाही, तिथे छोट्या दगडांची उतरंड रचलेली असते. येणारा-जाणारा तिच्यावर एखादा दगड ठेवून पुढे जातो, मागून येणाऱ्यासाठी.

अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत पिरेनीजच्या अंगाखांद्यावरून जाणारी, ८०० किलोमीटरहून लांब अशी एक वाट आहे. ती अँडोरातूनही जाते. शिवाय एक वाट अशी, की ती अख्ख्या देशाला प्रदक्षिणा घालते. सुमारे १२० किलोमीटर चाललात की संपूर्ण देशाभोवती तुमची फेरी पूर्ण! असं किती देशांच्या बाबतीत म्हणता येईल?

पहिली वाट : लोखंडाची

सुरुवात सोप्या वाटेने करू. देशाच्या उत्तरेकडे ओर्दिनो नावाचा भाग आहे. तिथे नदीच्या काठाने जवळजवळ सपाट अशी एक वाट जाते. तिचं नावच ‘लोखंडाची वाट’. ल्योर्त्स नावाच्या गावाजवळ लोखंडाची एक जुनी खाण आहे. काळोख्या बोगद्यात शिरून ती पाहता येते. खाणीतला दगड खेचरांच्या पाठीवर लादून भट्टीकडे न्यायचा, यासाठी ही वाट होती.

भट्टी कशी चाले ते फार मजेशीर आहे. लोखंड वितळवायला आग भडकवावी लागते, आणि आग भडकवायला हवा. आपल्याकडे लोहार भाता मारतो. इथल्या लोकांनी भात्याचं काम पाण्याकडे दिलं! उंचावरून उभ्या पोकळ नळीतून पाणी खाली सोडायचं. पडता पडता पाणी आपल्याबरोबर हवा खेचून नेतं. खालच्या बंद पेटीत पाणी एकीकडे वाहून जातं आणि दाबलेली हवा नळीतून थेट आगीवर येते. वीज नाही, यंत्र नाही, नुसता ओढा. तोच ओढा एक चाक फिरवी आणि चाकाला जोडलेला भलामोठा हातोडा धाडधाड आपटे. ला मसाना गावातली अशी शेवटची भट्टी १८७६ साली विझली. आता तिथे संग्रहालय आहे. खेचरं गेली, वाट राहिली. आज तिच्यावरून शाळेची मुलं आरामात चालत जातात.

दुसरी वाट : तीन बहिणी तळ्यांची

ओर्दिनोच्याच वरच्या टोकाला त्रिस्तायनाची तीन तळी आहेत, एकाच्या वर एक. जवळपर्यंत गाडी जाते. पुढची फेरी तीन-चार तासांची. दगड बरेच आहेत, पण हातपाय धड असलेल्या कुणालाही जमेल अशी ही वाट आहे. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत, आणि इतकं गार की पाय बुडवून पाच अंक मोजेपर्यंत किंकाळी फुटावी.

या बाजूला चालताना कुणी शिट्टी मारली तर वळून पाहू नका, वर पाहा. दगडावर मागच्या पायांवर उभा राहून एक गुबगुबीत प्राणी तुमच्याकडे पाहत असेल. तो मार्मोट. खारीच्या कुळातला. संकट आलं की शिट्टी मारून तो भाऊबंदांना सावध करतो. पिरेनीजमधून मार्मोट हजारो वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. १९४८ पासून आल्प्स पर्वतातून आणून ते इथे पुन्हा सोडले गेले. आकाशात एखादं अवाढव्य गिधाड घिरट्या घालताना दिसलं, तर तेही नीट पाहा. दाढी असलेलं हे गिधाड हाडं खातं. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकतं, फोडतं आणि गिळतं. आपल्या हिमालयातही ते आढळतं.

तिसरी वाट : जिथे गाडी जात नाही

आता खरी गंमत. राजधानीला लागूनच एस्काल्देस नावाचं गाव आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. गावाच्या मागून एक फरसबंद वाट सरळ डोंगरात चढते. दहा-पंधरा मिनिटांत दुकानांचा, गाड्यांचा गलका खाली राहतो आणि ओढ्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. हे मद्रिऊचं खोरं.

शेजारची दोन छोटी खोरी धरून याचं क्षेत्रफळ ४२४७ हेक्टर, म्हणजे अख्ख्या देशाचा जवळजवळ अकरावा भाग. एवढ्या भागात गाडीचा रस्ता नाही. २००४ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अँडोराला मिळालेला हा असा पहिलाच मान. तो कशासाठी मिळाला? इथे मोठा किल्ला नाही, मोठं मंदिर नाही. मान मिळाला तो साध्या माणसांनी डोंगरात सातशेहून अधिक वर्षं कसा संसार केला, त्याच्या खुणांना.

वाटेने चढत गेलं की त्या खुणा एकामागून एक भेटतात. आधी दोन ओढ्यांच्या संगमावर चार-दोन घरांची वाडी. मग रामिओ ही दुसरी वाडी. घरं दगडाची, छपरंही दगडी पाट्यांची. माणसं इथे उन्हाळ्यात येत आणि उतारावर बांध घालून थोडीशी शेती करत. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, पण त्यात माती नाही, चुना नाही. नुसते दगडावर दगड बसवलेले. कोकणातल्या मुलांना सांगायला नको, हा तर आपला गडगा! आणखी वर पाइनचं रान लागतं. तिथे कोळसा पाडण्याच्या जागा आणि १८व्या शतकातल्या लोखंडाच्या भट्टीचे अवशेष आहेत. त्याहीवर झाडं संपतात आणि कुरणं सुरू होतात. इथे मेंढपाळांच्या बुटक्या दगडी झोपड्या आहेत. शेजारीच मेंढ्या एकेक करून दूध काढायला घेता याव्यात म्हणून बांधलेली अरुंद गल्ली. त्या दुधाचं चीज इथेच होई.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या खोऱ्यातली बहुतेक सगळी जमीन कुणा एकाच्या मालकीची नाही, ती गावांच्या सामाईक मालकीची आहे. कुणाची गुरं कुठे, कधी चरायची, लाकूड किती तोडायचं, हे गावाने मिळून ठरवायचं, अशी इथली जुनी रीत. म्हणून कुरणं उजाड झाली नाहीत आणि रानही टिकलं.

आणि आता एक विचार करण्यासारखी गोष्ट. खाली राजधानीत जागेची इतकी टंचाई, की डोंगराच्या पायथ्याला खेटून इमारती उभ्या आहेत. दरवर्षी देशाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट पाहुणे येतात, कुणी खरेदीला, कुणी बर्फावर घसरायला. तरीही एवढ्याशा देशाने त्यातला एवढा मोठा तुकडा गाडीविना ठेवला. आपल्याला वाटतं, रस्ता बांधणं हेच काम. पण रस्ता न बांधणं हासुद्धा एक निर्णय असतो, आणि तो रोज नव्याने पाळावा लागतो. रामिओतल्या घरी जायचं तर आजही पाठीवर पिशवी टाकून चढावंच लागतं. तुम्ही तिथे राहत असतात तर काय म्हणाला असतात? ‘रस्ता हवा’ की ‘नको’? घाईने उत्तर देऊ नका. म्हाताऱ्या आजीच्या गुडघ्यांचाही विचार करा आणि त्या शांततेचाही.

चौथी वाट : छपरावर

दमलात? अजून शिखर बाकी आहे! कोमापेद्रोझा या नावाचा अर्थ ‘दगडांनी भरलेलं वरचं खोरं’ असा काहीसा. अरिन्साल गावातून भल्या पहाटे निघायचं. धबधब्याच्या बाजूने चढत गेलं की २२६० मीटरवर एक निवारा लागतो. निवारा म्हणजे डोंगरातली धर्मशाळाच म्हणा ना. उन्हाळ्यात तिथे राखणदार असतो. रात्री ठरल्या वेळी सगळ्यांना एकत्र गरम जेवण मिळतं. झोपायला रेल्वेच्या बर्थसारख्या एकावर एक फळ्या. बूट दाराशीच काढायचे. पुढे काळ्या पाण्याचं एक तळं, मग नुसता दगडधोंड्यांचा चढ. अरिन्सालपासून शिखरापर्यंत एकूण सुमारे १४०० मीटरची चढण. वर पोचल्यावर एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला स्पेन आणि पायाखाली सगळा अँडोरा.

ज्यांना याहून जास्त चालायचं आहे त्यांच्यासाठी ‘तळ्यांचा मुकुट’ अशा अर्थाच्या नावाची एक गोल वाट आहे. ९२ किलोमीटर, पाच टप्पे. कोमापेद्रोझा, सोर्तेनी, जुक्ला आणि इल्या असे राखणदार असलेले चार निवारे ती जोडते. सोर्तेनीच्या उद्यानात ७०० हून अधिक जातींच्या वनस्पती आहेत. जुक्लाचं तळं देशातलं सर्वांत मोठं, तर इल्याचा निवारा मद्रिऊ खोऱ्याच्या अगदी माथ्याशी. याशिवाय डोंगरात ठिकठिकाणी राखणदार नसलेल्या छोट्या झोपड्या आहेत. त्यांना कुलूप नसतं, भाडंही नसतं. रात्र काढा, सकाळी झाडून घ्या, कचरा आपल्याबरोबर खाली न्या. एवढाच नियम.

रात्रीची वाट

सगळ्याच वाटा उन्हात चालल्या गेल्या नाहीत. काहींवरून माणसं फक्त काळोखात चालली. पूर्वी तंबाखूची गाठोडी पाठीला बांधून चोरटा व्यापार करणारे लोक रात्री खिंडी ओलांडत. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४० मध्ये हिटलरच्या सैन्याने फ्रान्स जिंकला. अँडोरा तटस्थ होता, म्हणजे कुणाच्याच बाजूने लढत नव्हता. ज्यू कुटुंबं, विमान पडल्यामुळे शत्रूच्या मुलखात अडकलेले वैमानिक, सक्तीच्या मजुरीला नकार देणारे तरुण, असे कितीतरी जण जीव मुठीत धरून फ्रान्सकडून या डोंगरात चढले. खिंड ओलांडायची, अँडोरात उतरायचं, तिथून स्पेनमध्ये आणि मग पुढे. वाट दाखवणारे बरेचदा तेच जुने चोरटे व्यापारी, कारण काळोखातली वाट त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? ला मसाना गावातल्या पालांकेस नावाच्या हॉटेलातून अशा माणसांना मदत करणारी एक टोळीच काम करत असे.

यातल्याच एकाने, फ्रान्सेस्क व्हियादिऊ यांनी, पुढे या आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘तोर्ब आणि गेस्टापो यांच्यामध्ये’ असा होतो. गेस्टापो म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस. आणि तोर्ब म्हणजे पिरेनीजमधलं बर्फाचं वादळ, ज्यात समोरचा हातही दिसत नाही. मागे पोलीस, पुढे वादळ. अंगावर शहरातले कपडे, पायात शहरातले बूट. कडेवर मूल. काही जण पोचले. काही वाटेतच थिजून गेले. आज त्याच खिंडीत तुम्ही पोळी-भाजीचा डबा उघडून बसलात, तर एक क्षण त्यांची आठवण काढा.

आईबाबांसाठी चार शब्द

जाण्याचा योग आलाच तर बार्सिलोना किंवा तुलूझ शहरात विमानाने उतरून बसने साधारण तीन तासांत अँडोरा गाठता येतं. अँडोराचा स्वतःचा वेगळा प्रवेश-व्हिसा नाही, पण फ्रान्स किंवा स्पेनमधूनच जावं लागतं. तिथून बाहेर पडून पुन्हा आत यायचं असल्यामुळे एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा असलेला शेंगेन व्हिसा लागतो. चालण्याचा मोसम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. उंच खिंडींत जूनमध्येही बर्फ असू शकतं. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून विजा पडतात, म्हणून भल्या सकाळी निघावं आणि दुपारपर्यंत उंचावरून खाली यावं. संकटात ११२ हा क्रमांक. वाटेचा नकाशा कागदाचाही जवळ असावा, कारण डोंगरात मोबाइल दगा देतो.

आणि मुलांनो, अँडोरा लांब आहे, पण पाऊलवाटा काही लांब नाहीत. तुमच्या गावातून शेताकडे, नदीकडे, देवळाकडे, शेजारच्या वाडीकडे एखादी जुनी पाऊलवाट जातच असेल. शहरात राहत असाल तर आजोळी असेल. ती कुणी पाडली? कशासाठी? तिच्यावरून कोण कोण चालत असे? या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. जमलं तर त्यांना घेऊनच तिच्यावरून एक फेरी मारून या. वाट फार चढणीची असेल, तर त्यांच्या पावलाने चाला. घाई कसली आहे?